पंचतंत्र वाचायला घेताय? श्लोकाआधी बोलणारा बघा

पंचतंत्रातल्या गोष्टी आपल्याला माहीत आहेत असं बहुतेक मराठी घरांत धरून चाललेलं असतं. मगरीच्या पाठीवरचं माकड, बडबडं कासव, सिंहाला विहिरीत उडी मारायला लावणारा ससा. पण ग्रंथ सलग वाचलेला माणूस क्वचित भेटतो. लहानपणी चित्रांच्या पुस्तकात भेटलेल्या दहाबारा गोष्टी आणि प्रत्येकीखाली जाड अक्षरातलं 'तात्पर्य', एवढ्यावर ओळख थांबते. ज्यांना आता मोठेपणी हा ग्रंथ नीट वाचायचा आहे, किंवा मुलांना, नातवंडांना, वर्गातल्या विद्यार्थ्यांना त्यातलं काही सांगायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. संस्कृत येत नसेल तरी काही अडत नाही.

आधीच एक सांगून ठेवते. गोष्ट कोणी सांगितली, कोणाला सांगितली, कोणत्या वेळी आणि काय मिळवायला सांगितली, याकडे लक्ष दिलंत की हा ग्रंथ उघडतो. तात्पर्याच्या एका ओळीत त्याचं शहाणपण फार थोडं मावतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच सवयीकडे नेणाऱ्या आहेत.

पहिली पायरी: हा ग्रंथ कोणासाठी आहे ते ओळखा

सुरुवातीची कथा वगळू नका. दक्षिणेत महिलारोप्य नावाचं नगर, तिथे अमरशक्ती राजा. त्याला बहुशक्ती, उग्रशक्ती आणि अनंतशक्ती असे तीन मुलगे, आणि तिघांनाही अभ्यासाचा कंटाळा. राजा दरबारात उपाय विचारतो. पंडित म्हणतात, नुसत्या व्याकरणालाच बारा वर्षं लागतात, मग धर्मशास्त्र, मग अर्थशास्त्र. तेव्हा सुमती नावाचा मंत्री म्हणतो की आयुष्य थोडं आणि शास्त्रं अफाट, म्हणून सार तेवढं शिकवणारा माणूस शोधा, आणि तो विष्णुशर्म्याचं नाव सुचवतो. राजा त्याला मोठं इनाम देऊ करतो. ऐंशी वर्षांचा विष्णुशर्मा म्हणतो, मी विद्या विकत नाही, पण सहा महिन्यांत तुमची मुलं शहाणी केली नाहीत तर स्वतःचं नाव लावणार नाही.

म्हणजे शिकणारे आहेत उद्याचे राज्यकर्ते. कोणावर विश्वास टाकायचा, कोणता मंत्री कान भरतोय, कधी लढायचं आणि कधी गप्प बसायचं, हे त्यांना शिकवायचं आहे. चांगलं वागावं हे त्यात येतंच, पण ग्रंथाचा खरा जोर 'फसू नका' यावर आहे. हे लक्षात ठेवलं नाही तर पुढे धक्के बसतात, कारण इथे लबाड माणूस कधीकधी जिंकतो आणि तसाच जिंकलेला सोडून दिलेला असतो.

पाच तंत्रांची नावं एकदा वाचून घ्या: मित्रभेद, मित्रसंप्राप्ती, काकोलूकीय, लब्धप्रणाश आणि अपरीक्षितकारक. मैत्री तोडणं, मैत्री जोडणं, कावळ्या-घुबडांचं वैर, हातातलं गमावणं, आणि नीट न पाहता करून बसणं. यातला क्रमसुद्धा बोलका आहे. मैत्री कशी तुटते हे विष्णुशर्मा आधी शिकवतो.

दुसरी पायरी: पूर्ण प्रत मिळवा

मुलांसाठीचे निवडक संग्रह घरी असतील तर असू द्या, पण तुमच्या वाचनासाठी पूर्ण भाषांतर घ्या. दुकानात किंवा ग्रंथालयात प्रत चाळताना दोन गोष्टी बघा. पाचही तंत्रं स्वतंत्र प्रकरणं म्हणून आली आहेत का, आणि गोष्टींमधले श्लोक निदान अर्थाने तरी ठेवले आहेत का. श्लोक गाळलेली प्रत घेऊ नका. पात्रं वाद घालतात ती श्लोकांतूनच, त्यामुळे ते गेले की मागे नुसत्या प्राण्यांच्या करामती उरतात.

दोन प्रतींत गोष्टी कमीजास्त निघाल्या, नावं बदलली, तर गोंधळू नका. मूळ संहिता आज उपलब्ध नाही. काश्मीरमधली 'तंत्राख्यायिका', दक्षिणेकडची संक्षिप्त परंपरा, पूर्णभद्र नावाच्या जैन मुनीने 1199 साली सिद्ध केलेली मोठी संहिता, अशा अनेक वाटांनी ग्रंथ आपल्यापर्यंत आला. मुंबई-पुण्याचाही त्यात वाटा आहे. पुण्यात संस्कृत शिकवणारे कीलहॉर्न आणि मुंबईत शिकवणारे ब्यूलर या दोन जर्मन विद्वानांनी 1868च्या सुमारास बॉम्बे संस्कृत सीरिजमध्ये पंचतंत्राची छापील आवृत्ती काढली. या मालेची सुरुवातच पंचतंत्राने झाली.

'हितोपदेश' हा वेगळा ग्रंथ. नारायण नावाच्या लेखकाने पंचतंत्राच्या आधारे तो रचला. त्याचे भाग चार, आणि कथा सुरू होते पाटलीपुत्रात. आपल्याकडे दोन्ही ग्रंथांच्या गोष्टी सर्रास एकमेकांत मिसळतात. सुरुवातीला तेवढा भेद ठाऊक असला तरी पुरे. पुढे तो कामाला येणार आहे.

तिसरी पायरी: दुसऱ्या तंत्रापासून सुरुवात करा

माझा सल्ला असा की मित्रभेदापासून सुरुवात करू नये. पहिलं तंत्र सगळ्यांत मोठं आहे, गोष्टीच्या पोटात गोष्ट आणि तिच्या पोटात आणखी एक अशी रचना आहे, आणि नवा वाचक तिसऱ्या थरात वाट चुकतो. मित्रसंप्राप्तीची चौकट सरळ आहे. चार मित्र एकेक करून जमतात, संकट येतं, ते निभावतात.

इथे घाई करू नका. कबुतरांचा राजा चित्रग्रीव थव्यासकट जाळ्यात सापडतो. सगळे मिळून जाळं घेऊन उडतात आणि हिरण्यक उंदराच्या बिळापाशी उतरतात. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं बहुतेक संग्रहांत गळतं. हिरण्यक मित्राचे पाश आधी कुरतडायला जातो, तर चित्रग्रीव म्हणतो, आधी माझ्या माणसांचे तोड, माझे शेवटी. कोणत्याही घराच्या, गटाच्या, कार्यालयाच्या प्रमुखाने हा संवाद वाचावा.

त्याहून मोलाचं पुढे आहे. हे सगळं झाडावरून बघणारा लघुपतनक कावळा खाली येतो आणि हिरण्यकाची मैत्री मागतो. उंदीर बिळाबाहेर येत नाही. तो आतूनच म्हणतो, तू खाणारा, मी तुझं खाणं, आपली मैत्री कसली? कावळा आर्जवं करतो, उपाशी राहून जीव देईन म्हणतो. दोघांचा लांबलचक वाद होतो. उंदराचं मन वळतं, तरी तो लगेच कावळ्याच्या पंखाखाली जात नाही. आधी बोलणं, मग एकमेकांसाठी खाऊ राखून ठेवणं, असं करत करत विश्वास वाढतो. शेवटी संकट आल्यावर कावळा त्याला पाठीवर घेऊन उडतो आणि मंथरक कासवाच्या तळ्यावर नेतो. अनोळखी माणसाशी व्यवहार कसा वाढवावा, याचा इतका बारकाईने लिहिलेला धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही. नवीन शेजारी असो, भागीदार असो, की लग्नाचं स्थळ असो, हिरण्यकाची पद्धत लागू पडते: संशय बोलून दाखवायचा, समोरच्याला उत्तर द्यायला वेळ द्यायचा आणि एकेक पाऊल पुढे टाकायचं.

याच तंत्रात प्रेमाची सहा लक्षणं सांगणारा श्लोक आहे:

ददाति प्रतिगृह्णाति गुह्यमाख्याति पृच्छति।
भुङ्क्ते भोजयते चैव षड्विधं प्रीतिलक्षणम्॥

देतो आणि घेतो, मनातलं सांगतो आणि विचारतो, जेवतो आणि जेवू घालतो. तीन जोड्या आहेत आणि प्रत्येकीला दोन्ही बाजू आहेत. जो नुसता देतच राहतो आणि तुमच्याकडून कधीच काही घेत नाही, त्या नात्यातही काहीतरी राहून गेलेलं असतं. घेता येणं ही मैत्रीची खूण मानणारा हा श्लोक मला फार आवडतो.

चौथी पायरी: कोण कोणाला सांगतंय ते कागदावर मांडा

दुसरं तंत्र झालं की पहिल्याकडे या, आणि आता वही जवळ ठेवा. प्रत्येक गोष्ट सुरू झाली की एक ओळ लिहायची: सांगणारा, ऐकणारा, प्रसंग. गोष्टीच्या आत दुसरी सुरू झाली की पुढची ओळ थोडी आत सरकवून लिहायची.

उदाहरण म्हणून कासवाची गोष्ट घ्या. कंबुग्रीव कासव, संकट आणि विकट हे दोन हंस, दातांत धरलेली काठी, आणि तोंड उघडल्यावर झालेला शेवट. ही गोष्ट सांगते टिटवी, आपल्या नवऱ्याला. समुद्रकाठी अंडी घालू नयेत असं तिचं म्हणणं असतं आणि नवरा तिचं ऐकत नसतो. हितचिंतकाचं न ऐकणाऱ्याचं काय होतं, हे तिला त्याला दाखवायचं आहे. टिटवीची ही पूर्ण गोष्ट सांगतो दमनक कोल्हा, संजीवक बैलाला, त्या दोघांच्या फार वेगळ्या प्रसंगात. आणि हे सगळं विष्णुशर्मा राजपुत्रांना सांगतो आहे. 'जास्त बोलू नये' हे आपण शाळेत शिकलेलं तात्पर्य या कागदावर कुठेच बसत नाही, हे तुमच्या लगेच ध्यानात येईल. टिटवीच्या तोंडी ही गोष्ट ऐकण्याबद्दल आहे.

मित्रभेदाची मुख्य कथा थोडक्यात अशी. वर्धमानक व्यापाऱ्याचा संजीवक बैल रानात मागे राहतो, चरून धष्टपुष्ट होतो, आणि त्याच्या डरकाळीने पिंगलक सिंह घाबरतो. दमनक आणि करटक हे दरबारातून बाजूला पडलेले दोन कोल्हे. दमनक सिंहाची आणि बैलाची गाठ घालून देतो आणि त्या बदल्यात आपली जागा परत मिळवतो. पण दोघांची मैत्री इतकी जमते की सिंहाचं शिकारीत लक्ष राहत नाही आणि दमनक पुन्हा बाजूला पडतो. मग तो सिंहाला बैलाविरुद्ध आणि बैलाला सिंहाविरुद्ध भडकवतो. शेवटी सिंह बैलाला मारतो.

या तंत्रातला सगळ्यांत वाक्पटू कोण? दमनक. शेकडो सुंदर सुभाषितं त्याच्या तोंडी आहेत. राजसेवा, सावधपणा, मंत्र्याचं कर्तव्य, सगळ्यांवर त्याच्याकडे श्लोक आहे, आणि तो प्रत्येक श्लोक कान भरण्यासाठी वापरतो.

पाचवी पायरी: श्लोकाशेजारी बोलणाऱ्याचं नाव लिहा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची. कोणतंही सुभाषित आवडलं की ते वहीत उतरवताना शेजारी दोन गोष्टी लिहायच्या: हे कोण म्हणालं, आणि म्हणताना त्याला काय हवं होतं.

'अयं निजः परो वेति गणना लघुचेतसाम्' हा श्लोक घ्या. हा माझा, तो परका, असा हिशेब कोत्या मनाची माणसं करतात, उदार माणसांना सारी पृथ्वीच कुटुंब. भाषणांत, शाळांच्या भिंतींवर, निमंत्रणपत्रिकांवर तो आपण वाचतो. हितोपदेशात तो क्षुद्रबुद्धी नावाच्या कोल्ह्याच्या तोंडी आहे. त्याला चित्रांग हरणाचं मांस खायचं आहे म्हणून तो मैत्री जोडायला आला आहे. हरणाचा जुना मित्र कावळा म्हणतो, ज्याचं कुळशील माहीत नाही त्याला घरात घेऊ नये. त्यावर कोल्हा हा श्लोक ऐकवतो आणि हरीण भुलतं. पुढे हाच कोल्हा हरणाला हिरव्या शेताचा मोह दाखवून जाळ्यात अडकवतो.

पंचतंत्रात हाच श्लोक वेगळ्या जागी आहे. चार ब्राह्मण मित्र परदेशी निघाले आहेत. तिघे शिकलेले, चौथा फक्त व्यवहारी. त्याला कमाईत वाटा द्यायचा की नाही यावर वाद होतो, तेव्हा त्यांच्यातलाच एक जण म्हणतो, लहानपणापासून बरोबर खेळलो आहोत, येऊ द्या, आणि हा श्लोक म्हणतो. इथे श्लोकामागचं मन स्वच्छ आहे. (पुढे तेच तिघे विद्वान मेलेल्या सिंहाला जिवंत करतात आणि सिंह त्यांना खातो. चौथा आधीच झाडावर चढलेला असतो.)

श्लोकाची अक्षरं दोन्हीकडे तीच आहेत. एका ठिकाणी त्यांनी मित्राला जागा मिळाली, दुसऱ्या ठिकाणी हरणाच्या पायांत फास पडला. म्हणून श्लोक खोटा ठरत नाही. पण तो कानावर पडताच मान डोलवायची सवय मात्र या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या की सुटते.

आणखी नमुने शोधा, भरपूर सापडतील. काकोलूकीयात ससा आणि कपिंजल तित्तिर जागेवरून भांडतात आणि न्याय मागायला एका तपस्वी मांजराकडे जातात. मांजर एका पायावर उभं, तोंड सूर्याकडे, मुखात अहिंसेवरचं प्रवचन. मला कमी ऐकू येतं, जवळ येऊन सांगा, असं ते म्हणतं आणि दोघांनाही खातं. हितोपदेशातला म्हातारा वाघ हातात दर्भ आणि सोन्याचं कडं घेऊन दानधर्माची महती गातो, आणि कडं घ्यायला आलेला वाटसरू चिखलात रुततो. ढोंगी मांजराची ओळख आपल्या लोकांना फार जुनी आहे. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पातही एक मांजर पाय उंचावून तप करतं आहे आणि भोवती उंदीर जमले आहेत. कधी गेलात तर ते जरूर शोधा.

सहावी पायरी: संजीवकाजवळ थांबा

मला विचाराल तर अख्ख्या ग्रंथाचा कणा इथे आहे, म्हणून ही वेगळी पायरी.

मदोत्कट सिंहाच्या दरबारात बिबळ्या, कोल्हा आणि कावळा असे तीन सेवक आहेत. ताफ्यातून चुकलेला क्रथनक उंट तिथे येतो आणि सिंह त्याला अभय देतो. पुढे हत्तीशी झुंजताना सिंह जखमी होतो, शिकार बंद पडते, सगळे उपाशी. उंटाला मारावं असं सेवकांच्या मनात येतं, पण सिंह दिलेला शब्द मोडायला तयार नाही. मग कोल्हा विचारतो, त्याने स्वतःहून देह दिला तर? नंतर सभा भरते. कावळा पुढे येऊन म्हणतो, महाराज, मला खा. दुसरा म्हणतो, तू एवढासा, तुझ्याने काय होणार? मग कोल्हा पुढे येतो, त्यालाही कोणीतरी मागे सारतं. मग बिबळ्या, त्याचंही तसंच. उंट बघत असतो. इतक्या जणांनी देह देऊ केला, एकालाही सिंहाने मारलं नाही. मग आपणच मागे का राहायचं? तो पुढे येऊन तेच शब्द म्हणतो, आणि या वेळी कोणीच आडवं येत नाही.

ज्याने कुठल्याही बैठकीत सगळ्यांनी 'मी करतो, मी करतो' म्हटल्यावर भरीला पडून काहीतरी मोठं अंगावर घेतलं असेल, त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. बोली आधी ठरलेल्या असतात आणि नवख्याला ते माहीत नसतं.

आता वहीतला प्रश्न विचारा: ही गोष्ट कोण कोणाला सांगतं? संजीवक सांगतो. आणि कोणाला? दमनकाला. राजाच्या भोवतालचे क्षुद्र लोक भल्या माणसाचा घात कसा करतात हे बैलाला पूर्ण ठाऊक आहे. त्यावर त्याच्याकडे नेमकी गोष्ट आहे, ती तो उत्तम सांगतो, आणि सांगतो ती त्याचा घात करणाऱ्यालाच. एवढ्या शहाण्या बैलाला समोरच्याकडे बघायचं सुचत नाही. नीतिकथा पाठ असून माणूस फसतो कसा, याचं उत्तर विष्णुशर्म्याने असं रचनेतच ठेवलं आहे. या जागी पुस्तक मिटून थोडा वेळ बसावं असं मी प्रत्येक नव्या वाचकाला सांगते.

सातवी पायरी: एकच गोष्ट दोन ठिकाणी वाचा

सराव झाला की तुलना सुरू करा. बोकड खांद्यावर घेऊन निघालेला ब्राह्मण आणि तीन ठग यांची गोष्ट दोन्ही ग्रंथांत आहे. हितोपदेशात तिघेही ठग बोकडाला कुत्रा म्हणतात. तीच खोटी गोष्ट तीन वेळा, तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकल्यावर ब्राह्मणाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. पंचतंत्राच्या प्रचलित संहितेत एक कुत्रा म्हणतो, दुसरा मेलेलं वासरू, तिसरा गाढव. इथे ब्राह्मण वेगळ्याच निष्कर्षाला येतो: सारखं रूप बदलतंय म्हणजे हे भूतच असणार. फोनवर एकच अफवा पाच गटांतून येते तेव्हा काय होतं आणि पाच वेगळ्या अफवा येतात तेव्हा काय होतं, हे मुलांना विचारायला याहून चांगली जोडी मिळणार नाही.

मुंगसाची गोष्टही अशीच. पंचतंत्रात ब्राह्मणी पाण्याला गेलेली असते आणि परत आल्यावर मुंगसाचं रक्ताळलेलं तोंड बघून तीच त्याच्यावर घागर टाकते. हितोपदेशात हे ब्राह्मणाच्या हातून होतं. गोष्ट सांगून झाल्यावर दोष कोणाचा असं विचारलंत तर या दोन रूपांवर चांगली चर्चा होते.

पुढची पायरी बौद्ध जातककथांची. त्या 547 आहेत. कासव-हंसांची गोष्ट तिथेही भेटते, पण सांगणारा वेगळा. तिथे बोधिसत्त्व, म्हणजे पूर्वजन्मीचा बुद्ध, एका बडबड्या राजाचा मंत्री आहे. राजाला कसं सांगावं याची तो वाट पाहत असतो, आणि आकाशातून पडलेलं कासव त्याला ती संधी देतं. शाळेतलं 'जास्त बोलू नये' हे तात्पर्य या जातकात अगदी बरोबर बसतं.

मुलांना सांगताना

तात्पर्य शेवटी म्हणून दाखवू नका. गोष्ट संपली की थोडं थांबा, मूल स्वतः काहीतरी म्हणतं. त्याचं म्हणणं आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळं निघालं तर दुरुस्त करू नका. 'उंदराने आधीच दार का नाही उघडलं?' किंवा 'कावळा खोटं बोलत असता तर?' असे प्रश्न विचारा.

प्राण्यांची नावं ठेवा. हिरण्यक, लघुपतनक, मंथरक ही नावं मुलांना अवघड वाटतील ही मोठ्यांची भीती आहे, मुलं ती आनंदाने घोळवतात.

मरणं फार सौम्य करू नका. सिंह विहिरीत पडून मरतोच. पण अपरीक्षितकारकाच्या सुरुवातीची न्हाव्याची कथा, ज्यात तो भिक्षूंना काठीने मारतो, लहान मुलांसाठी नाही, ती मोठ्यांनी स्वतः वाचावी. सातूच्या पिठाचं मडकं टांगून त्याखाली श्रीमंतीची आणि संसाराची स्वप्नं बघणाऱ्या ब्राह्मणाची गोष्ट मात्र सहासात वर्षांच्या मुलांनाही खूप हसवते. ती झाली की 'बाजारात तुरी, भट भटणीला मारी' ही म्हण सांगा. म्हण आधी सांगितली तर गोष्टीची मजा जाते.

एक गोष्ट घरात कटाक्षाने पाळा. कोणालाही दमनक, कोल्हा, किंवा 'जे व्हायचं ते होईल' म्हणत बसणारा यद्भविष्य मासा अशी नावं ठेवायची नाहीत. भावंडांच्या भांडणात ही नावं फार लवकर शस्त्रं होतात.

खटकणाऱ्या जागा

त्या आहेत आणि त्या लपवू नयेत. बायका विश्वासाच्या लायक नसतात असं सांगणारे श्लोक या ग्रंथात वारंवार येतात, विशेषतः चौथ्या तंत्रात. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणारी वाक्यं आहेत. ती आजच्या घरात जशीच्या तशी खपवून घेण्याचं काही कारण नाही. पाचव्या पायरीची सवय इथेही कामाला येते. लब्धप्रणाशात बायकांविरुद्धचे कडवट बोल कोण काढतं? फसवला गेलेला रक्तमुख वानर, करालमुख मगराला. खरं तर वानराला भर समुद्रात घेऊन जाणारा मगरच असतो. बायकोने हट्ट केला म्हणून मित्राला बुडवायला निघालेल्या नवऱ्याचा दोष त्या श्लोकांनी झाकला जातो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींबरोबर हे उघड बोला. ग्रंथाशी असा वाद घालणंही त्याच्या वाचनाचाच भाग आहे.

पुढे कुठे जायचं

हितोपदेश आणि निवडक जातककथा झाल्या की इसापकडे वळा. मराठीशी इसापचं नातं जुनं आहे. तंजावरच्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या छापखान्यात इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक 'बालबोध मुक्तावली' छापून घेतलं. मराठी छपाईच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांतलं ते एक. इसापही मुळात मोठ्यांच्या सभेतला. ॲरिस्टॉटल सांगतो की सामोस बेटावर खटला चालू असलेल्या एका पुढाऱ्याच्या बाजूने बोलताना इसापने लोकांना कोल्हा, साळू आणि गोचिडांची गोष्ट सांगितली. साळू गोचिडी काढायला तयार होतो, तर कोल्हा म्हणतो, असू देत, या गोचिडींचं पोट भरलं आहे, काढल्यास तर भुकेल्या नव्या येतील. कोण, कोणाला, कशासाठी, हे प्रश्न इथेही विचारून बघा.

पंचतंत्राच्या परदेशप्रवासात रस असेल तर सहाव्या शतकातल्या इराणपासून सुरुवात करा. तिथल्या खुस्रो अनुशिरवान राजाच्या काळात बुर्झोय नावाच्या वैद्याने त्याचं पहलवी, म्हणजे तेव्हाच्या इराणी भाषेत, भाषांतर केलं. 750च्या सुमारास इब्न अल-मुकफ्फाने त्यावरून अरबी ग्रंथ लिहिला, 'कलीला व दिम्ना', म्हणजे आपले करटक आणि दमनक. तिथून हिब्रू, लॅटिन आणि युरोपच्या इतर भाषांत तो गेला.

अरबी ग्रंथात एक प्रकरण वाढलेलं आहे. संस्कृतात संजीवकाच्या मृत्यूवर पिंगलक हळहळतो, दमनक त्याची समजूत काढतो आणि मंत्री होऊन सुखाने राहतो, बस. अरबीत दिम्नावर खटला चालतो, साक्षी होतात आणि त्याला शिक्षा होते. मित्रभेद वाचून झाल्यावर घरच्या मंडळींना किंवा वर्गाला हे दोन्ही शेवट सांगा, आणि राजपुत्रांना शिकवायचं असतं तर कोणता ठेवला असता ते विचारा. मोठी मुलं बहुधा दोन गटांत वाटली जातात, आणि तो वाद दुसऱ्या दिवसापर्यंत चालू देण्यासारखा असतो.